सरूमावशी बोलल्याच नव्हत्या ते वाक्य

या गोष्टीबद्दल आजवर माझ्या तोंडून एक शब्द बाहेर पडलेला नाही. आईसमोर नाही, मैत्रिणींसमोर नाही. एकदा देवळात हात जोडून उभी होते तेव्हा मनातल्या मनात सुरुवात केली होती, पण मागून कुणीतरी म्हणालं, ताई, पुढे सरका, आणि मी सरकले. बरंच वाटलं सरकायला. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. आता लिहायला बसलेय, तर तसं काही नाहीये. मघापासून पेनाचं टोपण काढतेय आणि लावतेय.

आधी सरूमावशींबद्दल सांगते. हेही टाळणंच झालं म्हणा — पण त्यांच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सरूमावशी लातूरकडच्या. लग्न होऊन थेरगावात आल्या, आमच्याच गल्लीत. मावशी हे आपलं म्हणायला, नात्याच्या नाहीत. त्यांचा नवरा भोसरीला एका प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे पार्ट ठोकतात तिथे, कामाला. कारखान्यात हात पुसायला, मशीन पुसायला, सांडलेलं तेल टिपायला जुन्या कपड्यांच्या चिंध्या लागतात. तिकडे त्यांना 'वेस्ट' म्हणतात. एक दिवस काका वैतागून घरी आले — पुसायच्या चिंधीत शर्टाचं बटण राहिलं होतं, त्याने तयार मालावर ओरखडे पडले, आणि मालकाने सगळ्या शिफ्टला झापलं. मावशी भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या म्हणे, "एवढ्या मोठ्या तुमच्या एमआयडीसीत एक बटन काढनारी बाई नाही व्हय?"

तिथून त्यांचा धंदा सुरू झाला. भांडी देऊन जुने कपडे घेणाऱ्या बोहारणींकडून त्या गाठोडी विकत घ्यायच्या. बटणं, हुक, चेन कापून काढायच्या. सुती वेगळं, पॉलिस्टर वेगळं — पॉलिस्टर तेल पीत नाही. मग हाताएवढे तुकडे करून पोती भरायची. आधी घरात, मग गावातल्या तात्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये. गिऱ्हाईक त्यांनी स्वतः पायाने फिरून जोडलं. भोसरीच्या गाळ्यागाळ्यात जाऊन, सुपरवायझरच्या हातात चिंधी देऊन, "पुसून बघा की साहेब" म्हणत. काही वर्षांत तिकडे लोक नुसतं वेस्ट मागेनासे झाले. "सरूबाईंचं आहे का?" असं विचारायचे.

माझी आई त्यांच्याकडे कामाला होती. मी शाळेत होते तेव्हापासून. आमच्या गल्लीतल्या आणखी काही बायकाही. सुट्टीत मीही बटणं काढायला बसायचे. मावशी कडक होत्या. आठवड्याचे पैसे कधी एक दिवस पुढे गेले नाहीत, पण पोत्यात बटण सापडलं की सगळ्यांदेखत बोलायच्या. आईलाही बोलायच्या. "माल माझ्या नावावर जातोय," एवढंच कारण. आई घरी येऊन कुरकुरायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. माझी कॉलेजची पहिली फी त्याच चिंध्यांतून आली. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. हे मी मुद्दाम सांगतेय का? तुम्हाला माझी दया यावी म्हणून? कदाचित. ते सोडून द्या.

कॉलेजात दुसऱ्या वर्षी आमच्या मॅडमनी सांगितलं की परदेशातून एक अभ्यासगट येणार आहे. 'सामाजिक उद्योग' म्हणजे काय, हे वेगवेगळ्या प्रदेशांतले लोक कसं समजतात, असा त्यांचा विषय. थेरगावातला एखादा उद्योग दाखवायचा होता. मी हात वर केला. वर्गात मी कधी हात वर करत नाही. सरूमावशींचं सांगितलं, मॅडमना आवडलं, आणि माझं इंग्रजी बरं म्हणून दुभाषी म्हणून मलाच नेमलं.

घरी येऊन मी सगळ्यांना विचारत सुटले, सामाजिक उद्योग म्हणजे काय वाटतं तुम्हाला? आई म्हणाली, "बचत गट ना?" बाबा चाकणच्या कंपनीत कंत्राटी, ते म्हणाले, कंपनीवाले शाळेला बाक देतात, फोटो काढतात, तसलं काहीतरी. तात्या शेडबाहेर खाटेवर बसलेले असतात. त्यांनी कान टवकारले. "संस्था काडताय व्हय? मग भाडं आदी द्या बाबा. संस्थेचं भाडं बुडतंया. आमी बघितलंय." आणि सरूमावशी — त्या पोत्याला टाके घालत होत्या — म्हणाल्या, "धंद्याला धंदा म्हना की. सामाजिक म्हनलं की लोकं उधारी मागतेत."

आम्ही खूप हसलो होतो. मीही.

पाहुणे यायच्या आधी मॅडमनी आम्हाला समजावलं. या पाहुण्यांच्या भागात, त्या म्हणाल्या, उद्योग कामगारांच्या सामायिक मालकीचा असेल, निर्णय सगळे मिळून घेत असतील, तरच त्याला सामाजिक म्हणतात. एक मालक आणि बाकीचे रोजावर, तर तो नुसता धंदा. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वैशाली, तूच बोलणार आहेस. सांभाळून घे." याचा अर्थ काय होता? मी त्यावर खूप विचार केलाय. घाबरू नकोस, एवढाच असेल. मॅडमनी मला कधीही खोटं बोलायला सांगितलं नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

आणखी एक गोष्ट होती. पाहुण्यांच्या पुढच्या दौऱ्यावर — बंगळूर आणि तिथून पुढे — एक विद्यार्थी सोबत जाणार होता. सगळा खर्च त्यांचा. आमची ही भेट चांगली झाली तर तो विद्यार्थी आमच्या कॉलेजचा असणार होता. मी पुण्याबाहेर आजोळ सोडून कुठे गेले नव्हते.

तर पाहुणे आले. मॅडम त्यातल्या काहींना घेऊन शेडमध्ये बायकांचे फोटो काढायला गेल्या. प्रश्न विचारणाऱ्या बाई — उंच, शांत, फार नम्र — मावशींना घेऊन बाहेर पोत्यांपाशी बसल्या. मी मध्ये. कॅमेरा धरणारा मुलगा बंगळूरचा, त्याला मराठी येत नव्हतं. सगळे प्रश्न नीट गेले. कसं सुरू केलं, कुठे विकता, अडचणी काय. मावशींनी नवी साडी नेसली होती आणि त्या इतक्या छान बोलत होत्या! मी एकेक वाक्य उचलून पलीकडे ठेवत होते. मला वाटत होतं, मी हेच करायला जन्मले आहे.

मग त्या बाईंनी विचारलं, हे सगळं कुणाचं आहे?

मी मराठीत विचारलं. आणि मावशी क्षणभरही थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या —

"माझं. मालक मी. या बाया माझ्याकडं कामाला येतात, मी त्यांचा रोज चुकता करते. उपकार न्हाई करत मी त्यांच्यावर आन् त्या माझ्यावर. पर एक सांग त्यांना, आमच्या वस्तीत बाईला कुनी मालक म्हनत नव्हतं. मला म्हनतात."

पाहुण्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटतं मी थोडी थांबले. किती? कॅमेऱ्यात असेल ते. आणि मग मी इंग्रजीत म्हणाले की हे आम्हा सगळ्यांचं आहे. इथे कोणीच मालक नाही. मी फक्त सुरुवात केली, बाकी सगळं आम्ही मिळून ठरवतो.

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी मावशींचा हात हातात घेतला. मावशींना वाटलं, 'मला मालक म्हनतात' हे ऐकून. त्यांनी दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला. मी दोघींच्या मध्ये बसले होते.

तुम्हाला वाटेल, हेच ते, झालं सांगून. नाही. हेच असतं तर मी ते कधीच कुणाला तरी सांगून टाकलं असतं. घाई झाली, घाबरले, शब्द सुचला नाही — अशा चुकांना माफी मिळते, लोक हसूनही सोडून देतात. शिवाय शब्द सुचला नाही हे खरंही नव्हतं. मालक या शब्दाचं इंग्रजी पहिलीतल्या पोरालाही येतं.

मला का लाज वाटली त्या शब्दाची? आमच्या गल्लीत मालक म्हणजे भाडं मागणारा, मालक म्हणजे झापणारा. बाबांना दर काही महिन्यांनी 'ब्रेक' देऊन घरी बसवणारा कंत्राटदार. मावशींच्या तोंडी तो शब्द अगदी वेगळा होता, आणि ते मला त्याच वेळी कळलंही होतं. तरी मला दिसत होता तो पाहुण्या बाईंचा चेहरा — आणि विमान.

मी विमानात बसले. निवड झाली माझी. डांगे चौकात आईने पेढे घेतले, पहिला पेढा सरूमावशींना दिला. त्या म्हणाल्या, "जा माय, आमच्या चिंध्या तिकडं पन पोचव."

बंगळूरला एक मोठी सभा होती. निरनिराळ्या राज्यांतून लोक आलेले. तिथे एक बाई बोलायला उभी राहिली. तिचा नारळाच्या काथ्याचा उद्योग होता. ती सरळ म्हणाली, हा उद्योग माझा आहे, मी चालवते, मी नफा घेते, आणि माझ्याकडे काम करणाऱ्या बायकांना त्यांच्या कामाचा योग्य मोबदला मिळतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या त्या उंच बाईंनीही. नंतर चहाच्या वेळी मी त्यांना भीत भीत विचारलं, तुमच्याकडे तर असं चालत नाही ना? त्या म्हणाल्या, आमच्याकडे नाही चालत, पण आम्ही तेच तर शिकायला आलोय — इथे काय चालतं ते. म्हणून तर मी सगळीकडे तोच एक प्रश्न विचारते, हे कुणाचं आहे.

तेव्हाच सांगायचं होतं. त्यांनी प्रश्न विचारला होता तो उत्तर माहीत नव्हतं म्हणून, आणि मी त्यांना त्यांचंच उत्तर परत दिलं होतं. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. त्या रागावल्याही नसत्या, मला खात्री आहे. मी म्हणाले, चहा छान आहे.

परत आले. काही दिवसांनी कॉलेजात त्या अभ्यासावरची फिल्म दाखवली. शेडमधल्या सगळ्या बायका आल्या होत्या, केसांत गजरे माळून. पडद्यावर सरूमावशी दिसल्या तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या. आता, अशा फिल्ममध्ये काय करतात — मूळ माणूस बोलत असतो त्याचा आवाज बारीक करतात आणि वर दुभाष्याचा आवाज चढवतात. मावशींचे ओठ हलत होते आणि आवाज माझा येत होता. आणि खाली, आमच्या लोकांना कळावं म्हणून, कुणीतरी माझ्या इंग्रजीचं पुन्हा मराठी करून लिहिलं होतं. 'हे आम्हा सगळ्यांचं आहे. इथे कोणीच मालक नाही.'

टाळ्या पडल्या. आईने डोळे पुसले. मंगल म्हणून एक आहे, आईच्या शेजारी बसून काम करायची, तोंडाची फटकळ — ती म्हणाली, "बघ गं, येवढं बोलते आपल्याला, पन मनात काय हाय बघ तिच्या!" मावशींना वाचता येतं, सावकाश. त्या पडद्याकडे बघत राहिल्या, ती अक्षरं निघून गेल्यावरही. मग मागे वळून त्यांनी मला शोधलं. मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावायला लागले.

त्यानंतर मदत आली. पाहुण्यांकडून आणि कॉलेजकडून मिळून — कापायची विजेची मशीन, मोठी शेड. मदत गटाला होती. सगळ्या बायका सभासद, एक समिती, अध्यक्ष दरवर्षी नवीन, गिऱ्हाइकांशी व्यवहार समितीने करायचा. फिल्ममध्ये जे होतं त्याला धरूनच सगळं. कुणी फसवलं नाही. कुणाचाही हेतू वाईट नव्हता.

एका रविवारी शेडमध्ये बैठक झाली. हेच सांगायचं होतं मला, इथवर यायला एवढं लिहावं लागलं.

पोत्यांवर सगळ्या बसल्या होत्या. मॅडम आल्या होत्या, तात्या दारात उभे होते. मॅडमनी समितीचं समजावलं. मावशी शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाल्या, "मशीन द्या, चांगलंच हाय. पर गिऱ्हाईक माझं हाय आन् धंदा माझा हाय. समिती कशाला?"

मंगल उसळली. "आता माझा व्हय? गोऱ्या बाईपुढं तर आमा सगळ्यांचं म्हनत होतीस! मशीन आली तशी मालकीन झालीस?"

"मी न्हाई म्हनले तसं."

"साऱ्या कॉलेजनं बघितलंय बाई."

कुणीतरी हसलं. दुसरी म्हणाली, सरू, शब्द फिरवू नको, बरं दिसत नाही. आईनेही मान खाली घातली — मावशींसाठी लाजल्यासारखी. तात्या दारातून म्हणाले, "आरं, पोरगी हाय की हितं. तिलाच इचारा."

मावशी माझ्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट सुटका झाल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा — साक्षीदार आहे, असा.

"वैशू, तू होतीस. सांग यांना. काय म्हनले व्हते मी?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मॅडमसुद्धा. मी आत्ता खरं बोलले तर काय होईल हे मला एकदम सगळं दिसलं — पाहुण्यांना कळेल, बंगळूर कसं मिळालं ते कळेल, मशीन जाईल, गल्लीत आई मान वर करून चालणार नाही. हे सगळं मी मोजलं. आणि मावशींचं काय होईल? ते मी मोजलं नाही. ते मनात आलंच नाही, असं म्हटलं तर तेही खोटं होईल. आलं होतं. बाजूला ठेवलं.

मी म्हणाले, "मावशी, तुम्ही तसंच म्हणाला होतात."

मला आठवत नाही, असंही म्हणता आलं असतं. निदान तेवढं तरी.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता ओरडतील. शिव्या देतील, वैशे, खोटारडे म्हणतील. मी त्याची वाट बघत होते — त्यांनी तसं म्हटलं असतं तर कदाचित मी फुटले असते. पण त्यांनी तसं काहीच केलं नाही. त्यांच्या कपाळावर आठी पडली, काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखी. मग त्या हळू म्हणाल्या, "म्हनले आसन बाई. क्यामेऱ्याला घाबरून गेले व्हते. तू शिकलेली, तू कशाला खोटं बोलशील."

समिती झाली. मावशींना सभासद करून घेतलं, मानाने, पहिल्याच क्रमांकावर. थोडे दिवस त्या येत राहिल्या. पण शेडमध्ये त्यांना काही सुचेना. कुणाचं बटण राहिलं तर त्या तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. मंगल एकदा हसत म्हणाली, "बोल की, आता काय झालं?" मावशी म्हणाल्या, "काय बोलू, उद्या तूच म्हनशील, सरू तसं बोललीच नव्हती." सगळ्या हसल्या, त्यांच्याबरोबर त्याही हसल्या. काही आठवड्यांनी त्यांनी येणं बंद केलं. गुडघे दुखतात, असं सांगितलं.

शेड चालू आहे. चांगली चालू आहे. आई आता समितीवर आहे, भोसरीला फोनवर स्वतः बोलते, पूर्वीपेक्षा जास्त घरी आणते. तिचा आवाजसुद्धा बदललाय. कुणी म्हणेल, मग झालं ना चांगलं? सगळ्यांचं व्हायलाच हवं होतं ते. असेलही. कष्ट सगळ्यांचे होते, हे मला कोण सांगणार, माझ्या आईचे हात मी पाहिलेत. पण ते सगळ्यांचं करायचं की नाही, हे विचारायला एक बाई जिवंत समोर बसली होती. तिला कुणी विचारलं नाही, कारण तिने आधीच हो म्हटलंय असं मी सांगितलं होतं. हे चांगलं झालंय, त्याच्या आड मी उभी राहणार नाही. आई कधी कधी म्हणते, "सरू मनानं चांगली, पण मदत दिसली आणि जीभ फिरली तिची." मी तेव्हा ताट उचलून मोरीत ठेवायला जाते.

गेल्या महिन्यात सरूमावशी आमच्या दारात आल्या. काकांचं काम सुटलंय. चाकणच्या एका कंपनीत साफसफाईच्या बायका घेत होते, तिथे जायचं होतं, आणि मी सोबत यावं असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, मावशी, तिथे सगळे मराठीच बोलतात. ज्या बाईने भोसरीतले गाळेच्या गाळे एकटीने पालथे घातले तिला मी हे सांगत होते. त्या म्हणाल्या, "आसू दे. तू चल. मी काहीतरी भलतंच बोलून बसते."

आम्ही बसने गेलो. गेटजवळच्या छोट्या ऑफिसात एक सुपरवायझर होता, आमच्यापैकीच कुणाचा तरी मुलगा वाटावा असा. चांगला बोलत होता. बसा मावशी, म्हणाला. नाव विचारलं, गाव विचारलं. मग विचारलं, "याआधी काय करत होता?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं.

मी हे ठरवून गेले नव्हते. ते तोंडातून निघालं. मी म्हणाले, "त्यांचा स्वतःचा धंदा होता. कारखान्यांना वेस्ट पुरवायच्या. मालक होत्या त्या."

"अरे वा," तो म्हणाला. "मग मावशी, झाडू मारायला कशाला येताय?"

मावशी पटकन पुढे वाकल्या. माझं काहीतरी चुकलंय आणि ते साहेबाच्या मनात बसायच्या आत पुसून काढायला हवं, अशा घाईने. माझ्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "न्हाई न्हाई साहेब, तसं न्हवतं. पोरीला माहीत न्हाई. ते आमचं सगळ्यांचं व्हतं. तिथं कुनी मालक न्हवतं."

त्याने मान हलवली आणि सोमवारपासून या म्हणून सांगितलं.

बाहेर आलो. स्टॉपवर सावली नव्हती. मावशी पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "आसं मोठं करून सांगू ने गं. मागून निभत न्हाई." मी हं म्हणाले. बस आली तेव्हा त्यांनी मला खिडकीची जागा दिली, आणि मी ती घेतली.